पोटापाण्याचे काम पडद्यावर दिसते तेव्हा : अलीकडे पाहिलेले काही चित्रपट

आपण विचारले आहे की, अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी एखाद्या साध्या प्रेक्षकाचे मत काय आहे आणि त्यांपैकी घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून पाहण्यासारखे कोणते. मी नागपूरची, टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई. नोकरीचा बराच काळ खिडकीच्या आतल्या बाजूला, शिक्के आणि पावत्या यांच्या सोबतीने गेल्यामुळे चित्रपट पाहताना मला एक खोड लागली आहे : पडद्यावरचा माणूस पोटासाठी काय करतो आणि ते काम करताना त्याचे हात कसे चालतात, हे मी आधी पाहते. नायक बँकेत नोकरीला आहे असे एकदा सांगून टाकायचे आणि नंतर चित्रपट संपेपर्यंत त्याला कॉफी पीत बसवायचे, असे झाले की पुढे त्याच्यावर कोसळणारे दुःखही मला उसने वाटू लागते. खाली जे लिहिते आहे ते याच नजरेने लिहिलेले आहे. काही चित्रपट नवे आहेत, काही जुने असून पुन्हा पाहिलेले आहेत.

सुरुवात विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘परफेक्ट डेज’ (२०२३) या जपानी चित्रपटापासून करते, कारण या खोडीला इतके भरभरून खाद्य दुसऱ्या कोणी दिलेले नाही. हिरायामा नावाचा एक प्रौढ, अबोल माणूस टोकियोच्या शिबुया भागातील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करतो. पहाटे उठतो, रोपांवर पाणी शिंपडतो, दाराबाहेरच्या यंत्रातून कॉफीचा डबा घेतो, गाडीत जुन्या कॅसेट ऐकत कामावर जातो आणि दुपारच्या सुट्टीत झाडाच्या पानांतून झिरपणाऱ्या उन्हाची छायाचित्रे काढतो. कथानक म्हणावे असे यापेक्षा फारसे काही नाही. भांड्याच्या खालची, कोणालाही न दिसणारी कड स्वच्छ झाली की नाही हे तो एका छोट्या आरशाने तपासतो, आणि त्या आरशापाशी मी चित्रपटाच्या पूर्ण ताब्यात गेले. कोणी तपासणार नाही हे ठाऊक असूनही जो माणूस तिथे आरसा धरतो, त्याचा स्वभाव सांगायला संवाद लागत नाही. ही भूमिका करणाऱ्या कोजी याकुशो यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. शेवटी गाडी चालवताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू ज्या तऱ्हेने एकमेकांत मिसळतात, ते मी थांबवून पुन्हा पाहिले.

तरीही एक गोष्ट खटकली, आणि ती लहान नाही. हिरायामा साफ करतो ती स्वच्छतागृहे मुळातच लखलखीत आहेत. तादाओ आंदो, शिगेरू बान यांच्यासारख्या नामवंत वास्तुविशारदांनी ती बांधलेली आहेत. त्यांतल्या एकाच्या भिंती तर पारदर्शक असून आतून कडी लावली की अपारदर्शक होतात. घाण म्हणावी अशी घाण चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही. घाणीशिवाय सफाईचे काम दाखवायचे ठरवले की त्या कामाला ध्यानधारणेची कळा येते, आणि मग पाहणाऱ्यालाही वाटू लागते की गरिबीतले आयुष्य काय सुंदर असते. हिरायामाची श्रीमंत बहीण मोठ्या गाडीतून येते तेव्हा कळते की त्याने हे आयुष्य बहुधा स्वतः निवडलेले आहे. आपल्याकडे हे काम कोणी निवडत नाही. ते कोणत्या जातीच्या वाट्याला येते हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणूनच त्यानंतर मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा लावला. एका गटारसफाई कामगाराचा मृत्यू होतो, त्याने आत्महत्या केली असे पोलीस ठरवतात आणि ती एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे केली असा आरोप ठेवून त्या म्हाताऱ्या शाहिराला अटक होते. या खटल्याच्या तारखा हाच चित्रपट. त्यात मृत कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. तिचा नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी आत खडा टाकून पाहत असे, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजत असे, आणि वास सहन व्हावा म्हणून दारू पीत असे, हे ती विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे इतक्याच स्वरात सांगते. दिग्दर्शक तिथे पार्श्वसंगीत देत नाही, कॅमेरा पुढे नेत नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. टोकियोच्या आरशानंतर हा खडा पाहणे मला आवश्यक वाटते.

‘कोर्ट’मधली माझी सर्वांत आवडती व्यक्तिरेखा मात्र सरकारी वकील बाईंची आहे, जी गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे. कायद्याची कलमे त्या अशा सपाट, वेगवान सुरात वाचतात की जणू किराणा सामानाची यादी वाचून दाखवत आहेत. तो आवाज मी ओळखते. खिडकीच्या आत बसणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात दुपारनंतर तोच आवाज येतो, आणि त्यात दुष्टपणा नसतो, केवळ हातातले काम उरकायचे असते. त्याच बाई लोकलमधून घरी जाताना शेजारणीशी खाण्यापिण्याच्या गोष्टी करतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात, सर्वांना वाढतात. त्या वाईट आहेत असे म्हणण्याची सोय चित्रपट आपल्याला देत नाही, आणि एका निरपराध माणसाचे आयुष्य त्यांच्या त्या उरकण्यातच भरडले जात असते. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका महिलेचा खटला त्या दिवशी ऐकायलाच नकार देणारे न्यायाधीशही तसेच आहेत : कामात चोख, आणि त्यामुळेच भयंकर.

नागपूरकरांना हे सांगायला नको, परंतु आपण कदाचित बाहेरचे असाल म्हणून लिहिते : शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार आमच्या नागपूरचे. ते व्यवसायाने नट नव्हते. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते, ‘विद्रोही’ या मासिकाचे संपादन करत असत, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आता तो पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरचा तो थकलेला पण न वाकलेला भाव अभिनयाच्या पलीकडचा वाटतो.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ (२०२४) हा चित्रपट पुष्कळांना संथ वाटला; आमच्या शेजारच्या काकूंना तर अर्ध्यातच झोप लागली. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोचलेला हा भारतीय चित्रपट, आणि त्याने तिथला ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवला. मुंबईतल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनु, आणि तिथेच स्वयंपाकाचे काम करणारी कोकणातली पार्वती, अशा तिघींची ही कथा. प्रभाचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेलेला आहे आणि आता त्याचा फोनही येत नाही. एक दिवस तिच्या नावाने एक पार्सल येते, त्यात भात शिजवण्याचे विजेचे नवे भांडे निघते. सोबत पत्राची ओळही नाही. रात्री ती ते भांडे पायांत घेऊन त्याला मिठी मारते.

मी आयुष्यभर लोकांच्या हातांत पार्सले दिली. राखीच्या दिवसांत, दिवाळीच्या तोंडावर, परदेशातून आलेले खोके घ्यायला येणाऱ्या बायका खोका हातात घेतल्या घेतल्या आधी वरची अक्षरे पाहतात, वजन नंतर. त्यामुळे हा प्रसंग ज्याने सुचवला असेल त्याने माणसे नीट पाहिली आहेत, एवढे मी अधिकाराने म्हणू शकते. प्रभाचे काम दाखवण्यातही अशीच नजर आहे. नवख्या परिचारिकांना शिकवताना तिचा कोरडेपणा आणि रुग्णाजवळ वाकताना तिचा हात, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत हे कनी कुसृती यांनी न बोलता दाखवले आहे. पार्वतीची बाजू तर आमच्या खात्याच्या आणखी जवळची. ज्या खोलीत ती वर्षानुवर्षे राहिली ती तिची आहे असे सांगणारा एकही कागद तिच्यापाशी नाही, नवरा गिरणी कामगार होता आणि कागदपत्रांचे सर्व तोच पाहत असे, आणि तो आता नाही. बिल्डरला तेवढे पुरेसे आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध समुद्रकाठच्या गावात घडतो, तिथे मात्र तो थोडा स्वतःच्याच प्रेमात पडतो. प्रकाश, लाटा, गुहा हे सारे सुंदर आहे, तरी मुंबईतल्या भागातला ताण सैल पडतो असे मला वाटले.

पार्वती झालेल्या छाया कदम यांनाच मी त्याच सुमारास किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये पुन्हा पाहिले. रेल्वेत घुंगटामुळे दोन नवरदेवांच्या नववधू बदलतात, हे कथानक आता सर्वांना माहीत झाले आहे. माझ्या मते या चित्रपटाचा प्राण स्टेशनावरच्या चहाच्या टपरीत आहे. तिथे मंजू माई त्या हरवलेल्या, भेदरलेल्या फूलला कामाला लावते, तिने केलेला कलाकंद विकला जातो आणि फूलच्या हातात तिच्या आयुष्यातली पहिली कमाई पडते. नोटांकडे पाहण्याची तिची ती नजर अस्सल आहे. बाकी पोलीस अधिकाऱ्याचे शेवटी असे अचानक सज्जन होणे मला सोयीचे वाटले, परंतु रवि किशन यांनी ते पान चघळत चघळत इतके गोड करून दिले आहे की तक्रार टिकत नाही.

आता ‘होमबाउंड’ (२०२५). नीरज घेवान यांचा हा चित्रपट बशारत पीर यांनी २०२० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या एका लेखावर आधारलेला आहे. टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या दोन मित्रांची ती सत्यकथा. शोएब मुसलमान आहे, चंदन दलित, आणि दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण गणवेश अंगावर आला की नाव आणि आडनाव कोणी विचारणार नाही असा त्यांचा हिशोब आहे. भरतीचा अर्ज भरताना चंदन राखीव प्रवर्गाऐवजी खुल्या प्रवर्गात नाव घालतो, कारण त्याला ती ओळख पुन्हा कागदावर यायला नको आहे. त्या एका रकान्यापुढे जे घडते ते दोन तासांच्या भाषणाने सांगता आले नसते. निकाल लांबतो, नेमणुकीचे पत्र येत नाही, आणि मुले सुरतेच्या कापड गिरणीत जाऊन पोचतात.

विदर्भात हा चित्रपट आम्हाला विशेष लागतो, कारण पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आमच्या डोळ्यांसमोर आहेत. नागपुरात कोणत्याही मोठ्या मैदानावर पहाटे गेले तर १६०० किंवा ८०० मीटरची वेळ लावून धावणारी खेड्यापाड्यांतली मुले-मुली दिसतात, दिवसा तीच अभ्यासिकेत बसलेली असतात. ऑनलाइन कारभार सुरू होण्यापूर्वी अशी मुले पोस्टमनच्या येण्याच्या वेळा पाठ करून दारात उभी राहत, आणि ‘आज काही आले का’ हा प्रश्न विचारताना शक्यतो डोळ्याला डोळा भिडवत नसत. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा या दोघांनी ते ताटकळणे खरे केले आहे. विशाल जेठवा मला अधिक भावला. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा, तिला शाळेत स्वयंपाकाचे काम मिळते तेव्हा तिच्या हातचे खाण्याला काही पालकांनी घेतलेला आक्षेप, शोएबच्या साहेबांच्या घरी क्रिकेटचा सामना चालू असताना हसत हसत केलेला अपमान, या गोष्टी मी कुठे ना कुठे पाहिलेल्या आहेत. चित्रपटाविषयी माझे म्हणणे एवढेच की जान्हवी कपूर यांच्या वाट्याला आलेली भूमिका अपुरी लिहिलेली आहे. ती मुलगी जणू चंदनला शिक्षणाचे महत्त्व सांगण्यापुरतीच येते. शेवटाविषयी काही लिहीत नाही. आपण तो पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच पाहावा.

नागपूर म्हटल्यावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) यायलाच हवा. तो मी मध्यंतरी दूरदर्शन संचावर दुसऱ्यांदा पाहिला. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन उभ्या केलेल्या फुटबॉलच्या कामावर तो आधारलेला आहे, आणि अमिताभ बच्चन यांनी त्यात स्वतःला जितके मागे ठेवले आहे तितके मागे त्यांना मी क्वचितच पाहिले असेल. आमच्याकडे हा चित्रपट लोकांनी निम्मा तरी पडद्यावरच्या ओळखीच्या जागा शोधण्यासाठी पाहिला, हेही खरे. जवळपास तीन तासांची लांबी त्याला झेपत नाही. पूर्वार्धातला रंगतदार सामना झाल्यावर दुसऱ्या भागात तो वारंवार श्वास घ्यायला थांबतो. पण त्याच दुसऱ्या भागात पासपोर्टसाठी एक बाप आपल्या मुलीला घेऊन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतो, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुष्कळांनी तो कंटाळवाणा म्हणून सोडून दिला. जन्माचा दाखला नाही, रहिवासाचा पुरावा नाही, ओळखणारा माणूस समोर उभा आहे पण त्याची ओळख कागदावर नाही, ही फरफट आतल्या बाजूने पाहिलेल्या माणसाला तो भाग मुळीच लांब वाटत नाही. मुलांच्या तोंडची भाषा हाही आनंदाचा भाग. आमची हिंदी-मराठीची खिचडी एरवी चित्रपटांत हसवण्यापुरती येते. इथे ती भांडते, रडते आणि प्रेमही करते. अंकुश गेडाम या नागपूरच्या मुलाला या कामासाठी फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला तेव्हा इथे पुष्कळांना घरातलेच कोणी जिंकल्यासारखे झाले होते.

‘दशावतार’ (२०२५) मी चित्रपटगृहात पाहिला आणि दोन वेगवेगळे चित्रपट पाहिल्याचा अनुभव घेऊन बाहेर आले. पहिल्या भागात दृष्टी अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत आहे, त्याला आता हे थांबवा म्हणणारा मुलगा आहे, रंग लावणे आहे, वेश चढवणे आहे, रात्रीचा प्रयोग आहे. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकर यांना त्या वेशात पाहताना मी अक्षरशः थक्क झाले. दुसऱ्या भागात खाणमालक, अन्याय आणि सूड हे सर्व येते, आणि हातातले काम बाजूला पडून अवतारांचा वापर शस्त्रासारखा होऊ लागतो. तिथे टाळ्या पडतात, पण माझे मन पहिल्या भागातच राहिले. पाहताना सारखे वाटत होते की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर असा चित्रपट कोणी का करत नाही. दिवाळीनंतर धान घरात आले की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगावी रात्र रात्र नाटके करतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने मंडप लागतात, पाहुण्यांनी घरे भरतात. कथानक बाहेरून आणण्याची गरज नाही, ते ट्रकमधून नेपथ्यासह हिंडते आहे.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या आनंदची आणि त्याच्या बालपणीच्या मित्राची गोष्ट सांगतो. सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपटांच्या स्पर्धेतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मी पाहिला तेव्हा सभागृहात मोजकीच माणसे होती, त्यातली काही मध्यंतरात गेली. त्यांना पार्श्वसंगीताचा अभाव टोचला असावा. दोन पुरुषांमधले प्रेम इतक्या कमी आवाजात, सुतकाच्या नियमांच्या आणि नातेवाइकांच्या लग्नाच्या आग्रहाच्या मधोमध सांगता येते, हे मराठीत मी प्रथमच पाहिले. मुलाला सर्व ठाऊक असलेली, आणि ते चारचौघांत झाकून घेणारी आई विशेष लक्षात राहते.

‘छावा’विषयी विचाराल म्हणून थोडक्यात लिहिते. विकी कौशल यांची मेहनत दिसते, अक्षय खन्ना यांचा औरंगजेब कमी बोलून अधिक परिणाम करतो, आणि शेवटचा छळ मला पाहवला नाही. संभाजी महाराजांनी संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिला. त्या लिहिणाऱ्या, राज्याचा कारभार पाहणाऱ्या, हिशोब तपासणाऱ्या राजासाठी दोन-तीन प्रसंग तरी काढायला हवे होते. गर्जना पुष्कळ आहेत, दरबाराचे कामकाज जवळपास नाही.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. घरी सासू-सासरे किंवा आई-वडील असतील तर ‘लापता लेडीज’ निःशंक लावावा. ‘दशावतार’ही त्यांना आवडेल, फक्त मालवणी बोलीची सवय होईपर्यंत आवाज थोडा मोठा ठेवावा. ‘झुंड’ दोन रात्रींत विभागून पाहिला तर सोपा जातो. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये काही प्रसंग असे आहेत की वडीलधाऱ्यांसमोर अवघडायला होईल, ‘साबर बोंडं’चेही तसेच, तेव्हा ते आपले आपण पाहिलेले बरे. ‘कोर्ट’ मात्र घरात कोणी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असेल तर त्यांच्याबरोबर अवश्य पाहावा. माझ्या यजमानांनी तो पाहताना न्यायाधीशांची बाजू घेतली, मी वकील बाईंची, आणि जेवण होईपर्यंत आमचा वाद मिटला नव्हता.